घडीत मावलेलं रडार

११ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी४८ निघालं, तेव्हा त्याच्या टोकाच्या आवरणाखाली दोन छत्र्या मिटून ठेवलेल्या होत्या. एक भारताच्या रिसॅट-२बीआर१ या ६२८ किलोच्या उपग्रहावर होती. दुसरी जपानच्या क्यूशू बेटावरच्या एका छोट्या कंपनीने बांधलेल्या, शंभरेक किलोच्या ‘इझानागी’वर. दोन्ही उपग्रह रडारने जमिनीचं चित्र काढणारे, ढगातून आणि अंधारातून पाहणारे. दोन्ही छत्र्या धातूच्या जाळीच्या, कक्षेत पोचल्यावर उघडणाऱ्या. उघडल्यावर दोहोंचा व्यास सारखाच, ३.६ मीटर. एका उपग्रहाचं वजन दुसऱ्याच्या सहापट आणि छत्री मात्र तेवढीच, हा योगायोग नव्हता.

यंत्रं लहान होत जातात, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचं कारणही आपण एकच धरतो: आतले सुटे भाग आक्रसले म्हणून यंत्र आक्रसलं. रेडिओचं तसं झालं, संगणकाचं झालं, टेलिफोनचं झालं. म्हणून रडार-उपग्रह दोन टनांवरून शंभर किलोवर आला, हे वाचताना इथेही तेच घडलं असेल असं मन म्हणतं. पण या उपकरणाचा साठ वर्षांचा इतिहास वेगळी साक्ष देतो. रडारचं सगळं काम ज्या दोन गोष्टींवर उभं असतं, तो अँटेना आणि त्यात ऊर्जा ओतणारा ट्रान्समीटर, या दोहोंना निसर्गाचे नियम एका मर्यादेपलीकडे लहान होऊ देत नाहीत. माणसाने अँटेनाची घडी घालायची कला कमावली, ट्रान्समीटरला थोडाच वेळ बोलायला लावलं आणि आपल्या मागण्या कमी केल्या. छोटा रडार-उपग्रह जन्माला आला तो या तीन गोष्टींतून, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हे रडार म्हणजेच छोट्या अँटेनाकडून मोठ्याचं काम करून घेण्याची युक्ती. साडेआठशे किलोमीटर अंतरावरून, साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबी वापरून, जमिनीवरच्या पाच मीटरच्या वस्तू वेगळ्या दिसाव्यात अशी इच्छा असेल, तर साध्या हिशोबाने सुमारे दहा किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल. १९५१ साली अमेरिकेत गुडइयर एअरक्राफ्ट कंपनीतल्या कार्ल वायली यांच्या लक्षात आलं की विमान पुढे सरकत असतं, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या वस्तूंकडून येणाऱ्या प्रतिध्वनींची वारंवारिता किंचित वेगवेगळी असते, आणि या फरकावरून त्या वस्तू एकमेकींपासून सोडवता येतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, एकच छोटा अँटेना वाटेतल्या शेकडो ठिकाणी थांबून ऐकतो असं समजायचं, ते सगळे प्रतिध्वनी जपून ठेवायचे आणि नंतर एकत्र करून एक लांबलचक अँटेना गणिताने रचायचा. १९५७ साली मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेने या तत्त्वावर नीट जुळलेली पहिली चित्रं काढली. गणित करायला तेव्हा संगणक पुरे पडत नव्हते. प्रतिध्वनी फिल्मवर नोंदवायचे आणि ती फिल्म भिंगांच्या रांगेतून प्रकाशाने वाचायची, अशी पद्धत होती. याच कामातून एमेट लीथ आणि ज्यूरिस उपाटनिक्स होलोग्रामकडे वळले.

ही भिंगांची रांग लक्षात ठेवण्यासारखी आहे. या क्षेत्रात खरोखर आक्रसलं ते हेच, प्रतिध्वनींपासून चित्र बनवणारं यंत्र. १९७८ मध्ये कॅनडाच्या मॅकडोनल्ड डेटविलर कंपनीने सीसॅट उपग्रहाच्या नोंदींपासून पहिलं संगणकीय चित्र तयार केलं, आणि पुढे दालनभर पसरलेलं काम टेबलावर आलं. पण ते दालन नेहमीच जमिनीवर होतं. ते लहान झाल्याने उपग्रहाचं वजन एका किलोनेही कमी झालं नाही.

या जातीचं पहिलं रडार कक्षेत गेलं ते गुपचूप. डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेच्या टेहळणी संस्थेने ‘क्विल’ नावाचा उपग्रह सोडला आणि त्याची कागदपत्रं थेट २०१२ साली खुली केली. जगाला दिसला तो नासाचा सीसॅट, जून १९७८ मधला. समुद्र पाहण्यासाठी केलेल्या त्या सुमारे २,३०० किलोच्या उपग्रहावर आणखीही उपकरणं होती, पण डोळ्यांत भरत असे तो १०.७४ मीटर लांब आणि २.१६ मीटर रुंद अँटेना. साडेतेवीस सेंटिमीटर तरंगलांबी, एक किलोवॉट शिखर-शक्ती, शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा. हे आकडे पुढे लागणार आहेत. १०५ दिवसांनी विजेच्या यंत्रणेतल्या शॉर्ट सर्किटने सीसॅट गप्प झाला. तोवर त्याने काढलेली चित्रं पाहून पुढच्या प्रत्येक देशाने आपापल्या रडारचा आराखडा केला.

रडारला वीज किती लागते, याची त्याच वर्षातली दुसरी खूण भीतिदायक आहे. सोव्हिएत संघ समुद्रावरच्या युद्धनौका शोधायला रडार-उपग्रह सोडत असे. ती रडारं वायलींच्या युक्तीची नव्हती. नौका दिसाव्यात म्हणून ते उपग्रह फार खालून उडवावे लागत, आणि तिथे मोठी सौरपंखं विरळ हवेला अडून उपग्रह खाली ओढत. म्हणून त्यांच्यावर छोट्या अणुभट्ट्या बसवल्या होत्या. जानेवारी १९७८ मध्ये त्यातला कॉसमॉस-९५४ कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. कॅमेऱ्याला उजेड सूर्याकडून फुकट मिळतो. रडारला आपला उजेड स्वतः पाडावा लागतो, आणि तो जमिनीवर पोचून परत येईपर्यंत जवळजवळ सगळा सांडलेला असतो.

आता मर्यादा कुठून येते ते पाहू. गणितानं रचलेल्या अँटेनाचा एक चमत्कारिक गुण असा की खरा अँटेना जितका आखूड, तितकं चित्र बारीक येतं. लांबीच्या निम्म्याइतका तपशील मिळतो, म्हणजे दहा मीटरच्या अँटेनाला पाच मीटरचा आणि तीन मीटरच्याला दीड मीटरचा. मग अँटेना हातभरच का करू नये? कारण उपग्रहाने आपल्या अँटेनाच्या निम्म्या लांबीइतकं अंतर कापलं की दर वेळी एक स्पंद सोडावाच लागतो, नाहीतर चित्रात भुतं दिसू लागतात, एका जागेचं शेत दुसऱ्या जागी उमटतं. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहावर ३.२ मीटरचा अँटेना असेल, तर सेकंदाला जवळजवळ ४,७०० स्पंद सोडावे लागतात. सहाशे किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला चार मिलिसेकंद लागतात, म्हणजे पहिला स्पंद परत येईपर्यंत मागून सुटलेले अठरा वाटेत असतात. कोणता आवाज कोणत्या हाकेचा हे ओळखायचं, तर दोन हाकांमधल्या वेळात मावेल एवढाच पट्टा ऐकायचा. तो तिरक्या अंतरात मोजला तर बत्तीस किलोमीटरच्या आत येतो. त्याबाहेरचा आवाज कानावर पडूच नये म्हणून अँटेनाची उंचीही पुरेशी हवी. लांबी कमी केली की उंची वाढवावी लागते, उंची कमी केली की लांबी. गुणाकार, म्हणजे क्षेत्रफळ, एका आकड्याखाली जात नाही. तीन सेंटिमीटरच्या एक्स-बँड तरंगलांबीला नेहमीच्या कोनात तो आकडा साधारण एक चौरस मीटर येतो. सीसॅटच्या तरंगलांबीला आठ.

या हिशोबाकडे पाहिलं की ‘लहान झाला’ म्हणजे काय ते उलगडतं. २०१८ मध्ये फिनलंडच्या आइसआय कंपनीचा पहिला उपग्रह गेला. सत्तरेक किलोचा, शंभर किलोखालचा जगातला पहिला रडार-उपग्रह. तोही श्रीहरिकोट्याहूनच, पीएसएलव्ही-सी४० वर. त्याचा अँटेना ३.२ मीटर लांब, ०.४ मीटर उंच, म्हणजे १.३ चौरस मीटरच्या आसपास, मर्यादेला जवळजवळ टेकलेला. सीसॅटच्या तेवीस चौरस मीटरांपुढे तो इवलासा वाटतो खरा. पण अँटेनाचं माप मीटरमध्ये नव्हे, तरंगलांबीत घ्यायचं असतं. सीसॅटचा अँटेना सुमारे ४६ तरंगलांब्यांएवढा होता, आइसआयचा १०० हून अधिक भरतो. शिखर-शक्तीचंही तसंच. सीसॅटची एक किलोवॉट होती. चाळीस वर्षांनी जपानमध्ये शंभर किलोच्या वर्गातल्या उपग्रहासाठी जो ट्रान्समीटर केला, त्याचीही एक किलोवॉटच आहे.

या दोन टोकांमधली वीस वर्षं मोठ्या उपग्रहांची होती. १९९१ चा सोव्हिएत अल्माझ-१ साडेअठरा टनांचा. त्याच वर्षीचा युरोपचा ईआरएस-१ दहा मीटर अँटेनाचा, ४.८ किलोवॉट शिखर-शक्तीचा. कॅनडाचा रडारसॅट-१ पंधरा मीटरचा. २००२ चा एन्व्हिसॅट आठ टनांचा, आणि त्याच्या अँटेनावर ३२० छोटे ट्रान्समीटर-रिसीव्हर. हे सगळे उत्तम उपग्रह होते आणि हवामान, बर्फ, भूकंप यांच्या अभ्यासाला त्यांनी जे दिलं ते मोलाचं आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या काळातली सर्वांत बोलकी घटना जपानच्या जेईआरएस-१ ची. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो कक्षेत गेला, आणि त्याचा बारा मीटर लांबीचा अँटेना उघडेना. एप्रिलमध्ये तो उघडला. तोवर सगळं महागडं इलेक्ट्रॉनिक्स शाबूत असून निकामी होतं, कारण घडी सुटत नव्हती.

वजनाला पहिली खरी कात्री लागली ती सोडून देण्याच्या धैर्यातून, आणि त्याचा धडा शुक्राकडे गेलेल्या मॅगेलन यानाने आधीच घालून दिला होता. १९८९ मध्ये निघालेल्या मॅगेलनला रडारसाठी नवा अँटेना मिळालाच नाही. व्हॉयेजर मोहिमेतून उरलेली ३.७ मीटरची थाळी बसवली. शुक्राजवळून जाताना याच थाळीने रडारचं काम करायचं आणि मग अख्ख्या यानाने वळून तिच्यातूनच पृथ्वीशी बोलायचं. एवढ्यावर त्याने शुक्राचा ९८ टक्के पृष्ठभाग रेखला. जर्मनीने २००६ ते २००८ मध्ये सोडलेले पाच सार-लूपे उपग्रह याच वाटेने गेले. सुमारे ७७० किलो वजन, घट्ट बसवलेली थाळी, किरण फिरवायला शेकडो ट्रान्समीटर-रिसीव्हर मॉड्यूल नाहीत. दुसरीकडे पाहायचं असेल तर सगळा उपग्रहच वळवायचा.

इस्रायलने याला घडीची जोड दिली. जानेवारी २००८ मध्ये पीएसएलव्ही-सी१० ने श्रीहरिकोट्याहून टेकसार नेला. वजन फक्त तीनशे किलो, वर उलगडणारी जाळीची छत्री. त्याच जातीचा रिसॅट-२ भारताने घेतला, आणि इथे या इतिहासाचा धागा थेट मुंबईशी बांधला जातो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर समुद्रावर आणि सीमेवर रात्रंदिवस, पावसाळ्यातही नजर ठेवण्याची निकड झाली. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये आपला स्वतःचा रिसॅट-१ घडत होता, पण त्याला अवकाश होता. म्हणून क्रमाने दुसरा असलेला रिसॅट-२ आधी, २० एप्रिल २००९ रोजी गेला. रिसॅट-१ गेला एप्रिल २०१२ मध्ये: १,८५८ किलो, सहा मीटर बाय दोन मीटरचा अँटेना, त्यावर प्रत्येकी दहा वॉटची ५७६ मॉड्यूल. एकाच देशाचे, तीन वर्षांच्या अंतराने गेलेले हे दोन उपग्रह. त्यांच्या वजनातली सहापट तफावत तंत्र पुढे गेल्याने आलेली नाही. हलका उपग्रह आधीचा आहे! रिसॅट-१ ला रुंद पट्टा, किरण हव्या त्या दिशेला विजेने वळवण्याची सोय आणि भातशेती ओळखायला लागणारं ध्रुवीकरणाचं वैविध्य हवं होतं. रिसॅट-२ ला एक छोटी जागा बारकाईने पाहायची होती. वजन ठरलं ते मागण्यांवरून.

इथे जाणकार हरकत घेतील की गॅलियम नायट्राइडला विसरून कसं चालेल? या अर्धवाहकाचे ट्रान्झिस्टर आले आणि एकेका चकतीतून शेकडो वॉट मिळू लागले, छोट्या रडारचा खरा बाप तोच. हरकतीत तथ्य आहे. त्याआधी मोठी शक्ती हवी तर ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब लागे. ती निर्वात काचेच्या जुन्या व्हॉल्व्हच्याच कुळातली, आणि तिला हजारो व्होल्टचा पुरवठा द्यावा लागे. गॅलियम नायट्राइडला काही दशक व्होल्ट पुरतात, आणि एवढ्यानेच वीजपुरवठ्याची जड पेटी जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये पीएसएलव्ही-सी४२ वरून गेलेल्या ब्रिटिश नोव्हासारने तीन मीटर बाय एक मीटरच्या अँटेनातून १.८ किलोवॉट याच मार्गाने काढले. पण टेकसार दहा वर्षं आधी ट्यूबच वापरून तीनशे किलोत बसला होता, आणि निव्वळ कार्यक्षमतेत मुरलेली ट्यूब आजही पुढे आहे. गॅलियम नायट्राइडने ओझं उतरवलं, उष्णतेचा प्रश्न सोडवला नाही. आत येणाऱ्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन राहतो, आणि अवकाशात वाहून न्यायला वारा नाही. छोट्या उपग्रहाला अंगही छोटं, उष्णता बाहेर टाकायला जागा थोडी. म्हणून तो पृथ्वीभोवतीच्या दीड तासाच्या फेरीत काही मिनिटंच रडार चालवतो आणि उरलेला वेळ निवतो, बॅटरी भरून घेतो. कंपन्यांनी छोट्या उपग्रहांचे ताफे उभे केले, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि घडीचं तंत्र किती सूक्ष्म असू शकतं हे पाहायचं तर जपानच्या अवकाश संस्थेतले हिरोबुमी साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम जवळून पाहावं. त्यांनी छत्री नाकारली आणि सपाट फळ्या घेतल्या: ७० सेंटिमीटर बाय ७० सेंटिमीटरची सात पॅनेलं, बिजागऱ्यांनी जोडलेली, उघडली की ४.९ मीटर. प्रत्येक पॅनेल मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्याचं, दोन्ही बाजूंनी धातूचं कातडं. पुढच्या कातड्यात ओळीने बारीक खाचा कापलेल्या. दोन कातड्यांमधून लहर पसरत जाते आणि खाचांतून थोडी थोडी बाहेर पडते. म्हणजे जो सांगाडा पॅनेलला कणखर ठेवतो, तोच लहरीचा मार्गही होतो. खरी अडचण बिजागरीपाशी. मधल्या पेटीतला ट्रान्समीटर टोकाच्या पॅनेलपर्यंत लहर नेणार कसा? लवचिक केबल वाकते, पण तीन सेंटिमीटरच्या लहरीची बरीच शक्ती वाटेतच खाते. पोकळ धातूची नळी, वेव्हगाइड, जवळजवळ काहीच खात नाही, पण ती वाकत नाही. त्यांनी नळी बिजागरीपाशी चक्क तोडली. घडी उलगडल्यावर नळीची दोन तोंडं समोरासमोर येतात, पण एकमेकांना टेकत नाहीत, मधे बारीक फट राहते. तोंडाभोवती पाव तरंगलांबीइतका, सुमारे आठ मिलिमीटरचा खोल चर कोरलेला असतो. फटीतून निसटू पाहणारी लहर त्या चरात जाऊन अशी उलटून येते की फटीच्या जागी अखंड धातू असल्यासारखंच नळीला वाटतं. धातूला धातू घासणार नाही, उन्हा-सावलीत प्रसरण पावून अडकणार नाही, आणि सांध्याच्या अचूकतेत थोडीफार कसर चालून जाईल. मागे गॅलियम नायट्राइडचे दोनशे वॉटचे सहा ॲम्प्लिफायर एकत्र करून एक किलोवॉट. याच संशोधनातून सिन्स्पेक्टिव्ह ही कंपनी निघाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा स्ट्रिक्स-आल्फा न्यूझीलंडहून कक्षेत गेला. चराची युक्ती मुळात नवी नाही, दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या नळ्या जोडतानाही ती वापरात होती. नवं आहे ते तिला बिजागरीत बसवणं.

क्यूशूच्या, म्हणजे इझानागीवरच्या छत्रीचं मर्मही असंच कारागिरीत आहे. दहा किलो वजन, मिटल्यावर ८० सेंटिमीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर जाडी. काड्यांमध्ये साठवलेला ताण सुटला की ती एका झटक्यात उघडते. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांनी ती उत्तर क्यूशूतल्या छोट्या कारखान्यांकडून घडवून घेतली. धातू वाकवणारे, स्प्रिंग बनवणारे हातच तिथे कामी आले.

दुसरी हरकत सैद्धांतिक आहे, आणि जास्त वजनदार. २००० साली नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या अँथनी फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात अँटेनाच्या किमान क्षेत्रफळाची ही मर्यादा म्हणजे एक ‘मिथक’ असल्याचं म्हटलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे: मर्यादा भिंतीसारखी नाही, पट्टा अरुंद केला किंवा तपशील थोडा भरड चालवून घेतला तर तिच्याखालीही जाता येतं. पण नीट पाहिलं तर यातून माझा मुद्दा मोडत नाही, पक्काच होतो. जागेची प्रत्येक बचत कुठल्या तरी मागणीवर पाणी सोडून विकत घ्यावी लागते. आइसआयचा नेहमीचा पट्टा तीस किलोमीटरचा, तर युरोपच्या सेंटिनेल-१ चा अडीचशे. सेंटिनेलचा अँटेना १२.३ मीटरचा आहे, त्याचं कारण हेच. एक्स-बँडची लहर पानापानावर आपटून परत फिरते, झाडोऱ्याखालची जमीन तिला दिसत नाही. छोट्या उपग्रहांनी ही किंमत समजून मोजली आहे.

शेवटी कोणी निसारकडे बोट दाखवेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ ने नेलेला भारत-अमेरिकेचा हा उपग्रह २,३९२ किलोचा, मग लहान होण्याचा काळ संपला की काय? निसारला जंगलाखालची जमीन आणि सेंटिमीटरभर सरकणारे कडे पाहायचे आहेत, त्यासाठी लांब लहरी हव्यात, आणि २४० किलोमीटरहून रुंद पट्टा हवा. इतक्या मागण्यांना बारा मीटर व्यासाचा परावर्तकच लागतो. जुन्या पद्धतीच्या पॅनेलांनी तो केला असता तर वजनाची कल्पनाच करवत नाही. तो केला आहे संमिश्र पदार्थाच्या १२३ दांड्यांच्या चौकटीवर ताणलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीने. नऊ मीटरचा हात एकेक सांधा करत चार दिवसांत उलगडला, आणि १५ ऑगस्टला मिटलेली चौकट बांधून ठेवणारे छोटे स्फोटक बोल्ट उडवले. आत दाबून ठेवलेल्या ताणाने छत्री फुलू लागली, मग मोटारींनी दोर ओढून तिला पक्कं केलं. त्या बारा मीटरच्या परावर्तकाचं वजन सुमारे ६४ किलो आहे. आइसआयचा पहिला उपग्रह सगळा मिळून सत्तरेक किलोचा होता.